पाऊस सरतोय, थंडी यायचीय: कुंड्यांमध्ये आधी काय करायचं?

पाणंद_पुणे
गणपती उठले, घट बसायला थोडेच दिवस उरलेत. गच्चीवर १२ ते १४ इंची १८ कुंड्या आणि चार लांबट ट्रे आहेत. भेंडी उंच जाऊन शेंगा निबर होतायत, काकडीच्या पानांवर भुरी (पिठासारखी पांढरी बुरशी) आलीय, दोडका अजून थोडे दिवस चालेल. हिवाळ्यासाठी टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, गाजर, पालेभाज्या आणि फुलांत गुलाब, शेवंती, झेंडू एवढं ठरवलंय.

कोणत्या महिन्यात काय पेरायचं याच्या याद्या भरपूर मिळतात. मला क्रम हवाय. माती टाकून द्यायची की तीच वापरायची? पाऊस पुरता थांबायची वाट बघायची का? सगळं एकाच रविवारी पेरलं तर काय बिघडतं? माझं मत असं की आता ऊन पडायला लागलंय, तर लगेच पेरून मोकळं व्हावं. चुकत असेन तर कारणासकट सांगा.

चिकणमाती
पाणंद, घाई करू नका. पाऊस आणि थंडी यांच्यामध्ये ऑक्टोबर हीट नावाचा एक छोटा उन्हाळा असतो. पाऊस थांबला, आभाळ निवळलं की दुपारचं ऊन एकदम चढतं, रात्री मात्र अजून गार झालेल्या नसतात. या तीन-चार आठवड्यांत पेरलेली कोथिंबीर विरळ उगवते, पालक लवकर फुलावर येतो, कोवळी रोपं दुपारी माना टाकतात. हे दिवस मातीचे. बी नंतर.

माती टाकायची मुळीच नाही, पण आहे तशी वापरायचीही नाही. चार महिन्यांच्या पावसानं कुंडीतला नत्र आणि पालाश बराचसा धुऊन गेलेला असतो. माती दोन-तीन इंच खाली बसलेली असते आणि वरचा थर थापल्यासारखा घट्ट झालेला असतो. पाणी घातलं की ते कडेकडेनं वाहून खालच्या भोकातून बाहेर येतं, आपल्याला वाटतं कुंडी भिजली. मध्ये बोट घालून बघा, कोरडं लागेल.

असं करा. कुंडीला दोन दिवस पाणी देऊ नका, मग ती प्लास्टिकच्या कागदावर उलटी करा. मुळांचं जाळं हातानं मोकळं करून जाड मुळं काढून टाका. बारीक तंतू राहिले तरी चालतात, ते कुजून मातीत पोकळी ठेवतात. भेंडी, टोमॅटो, वांगी किंवा काकडीवर्गीय वेल होते त्या कुंड्यांची मुळं मुद्दाम तपासा. मुळांवर गाठी दिसल्या, म्हणजे मण्यांची माळ गुंफल्यासारखं मूळ फुगलेलं असलं, तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत आहेत. ती माती वेगळी ठेवा आणि त्या कुंडीत या हंगामात टोमॅटो-वांगी लावू नका, झेंडू लावा.

बाकीची माती तीन-चार इंचांच्या थरात पसरून चार-पाच दिवस कडक ऊन द्या, रोज एकदा खालीवर करा. पाऊस आला तर झाका.

१२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माल बसतो. त्यासाठी जुनी माती ९ लिटर, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ४ लिटर, सुक्या पानांचा चुरा किंवा कोकोपीट २ लिटर आणि निंबोळी पेंड ५० ग्रॅम. पाण्याचा हलका हात देऊन कालवा. मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, इतकीच ओल. कुंडी भरून सावलीत ८-१० दिवस तशीच मुरू द्या. ओली पेंड सुरुवातीला तापते आणि तिला बुरशीही धरते, म्हणून त्याच दिवशी रोप लावायचं नाही.

अबोली_ठाणे
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. कोकोपीटबद्दल भर घालते. वीट भिजवल्यावर निघणारं चहासारखं पाणी ओतून द्या आणि दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन पिळा. त्यात क्षार असतात, न धुता वापरलं की रोपांच्या पानांच्या कडा करपतात. दुसरं म्हणजे कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं, ते फक्त ओल धरतं. आमच्याकडे ठाण्या-मुंबईत हवाच दमट, म्हणून २ लिटरच्या जागी १ लिटर पुरे, उरलेलं जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा घाला.

गच्चीराज
भिजल्यावर वजन किती होतं याचा विचार करा. १५ लिटरची मातीची कुंडी पाणी पिऊन २० किलोच्या पुढे जाते. स्लॅबच्या मध्यावर गर्दी करण्यापेक्षा भिंतीच्या आणि खांबांच्या कडेनं ठेवा. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा हव्यातच. तळ जमिनीला टेकला की भोक बुजतं आणि स्लॅब कायम ओला राहतो.

केवडा
वाचतेय. राखेबद्दल कोणी लिहील का? आमच्या शेजारी सगळ्या कुंड्यांना मूठ-मूठ राख घालतात.

चिकणमाती
केवडा, राख अल्कधर्मी असते. कोकणातल्या जांभ्या मातीचा कल आम्लाकडे असतो, तिथे कुंडीमागे एक चमचाभर राख उपयोगी पडते, पालाश मिळतं. देशावरची काळी माती आणि बोअरचं जड पाणी दोन्ही आधीच अल्कधर्मी. तिथे राख घातली की लोह मुळांना मिळेनासं होतं. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुम्ही कुठे राहता त्यावर उत्तर ठरेल.

केवडा
साताऱ्यात. म्हणजे राख नको. कळलं.

रोपवाटिका
माती मुरेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. रोपं तयार करायचं काम आत्ताच सुरू करायचं, कारण टोमॅटो, वांगी, मिरचीच्या रोपाला लावणीयोग्य व्हायला ४ ते ५ आठवडे लागतात. फ्लॉवर-कोबीला २५ ते ३० दिवस.

ट्रे नसला तर खाली भोकं पाडलेले कागदी कप चालतात. निम्मं कोकोपीट, निम्मं चाळलेलं गांडूळखत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, म्हणजे टोमॅटो-वांग्याचं अर्धा सेंटीमीटर. एका कपात दोन बिया, पुढे अशक्त रोप कात्रीनं कापायचं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती रोप कोलमडण्यानं. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी आडवं पडतं आणि जमिनीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला दिसतो. ही बुरशी आहे आणि तिला आमंत्रण देतो तो दाट पेरा, कोंदट जागा आणि संध्याकाळचं पाणी. पाणी सकाळीच द्या, तेही ट्रे पाण्यात ठेवून खालून. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकलाच पाहिजे. एक किलो ओलसर गांडूळखतात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि तेच मिश्रणात वापरा. ट्रायकोडर्मा ही स्वतःच उपकारक बुरशी आहे, तेव्हा त्याच्यासोबत तांब्याचं किंवा दुसरं कुठलं बुरशीनाशक घालू नका.

उगवण दिसली त्या दिवसापासून रोपाला सकाळचं ऊन हवं. सावलीत ठेवलेली रोपं लांबुडकी होऊन माना टाकतात, ती पुढे कधी सावरत नाहीत.

वऱ्हाडी_वांगं
नागपूरकडून. आमच्या इथली काळी कापसाची माती कुंडीत भरू नये असं माझं ठाम मत आहे. भिजली की चिखल, सुकली की कडेनं बोटभर फट, आणि त्या फटीत मुळं तुटतात. वापरायचीच असेल तर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. बाकी खत आणि जाड वाळू.

थंडीचं म्हणाल तर आम्ही पुण्या-मुंबईपेक्षा नशीबवान. मटार, गाजर, फ्लॉवर कुंडीतही नीट येतात. मटाराचं बी मात्र पाण्यात रात्रभर बुडवून ठेवू नका, कुजतं. चार-सहा तास पुरे, किंवा ओल्या फडक्यात मोड येईपर्यंत ठेवा. दिवसाचं तापमान ३० च्या वर असताना फुलं आली तर ती गळतात, म्हणून ऑक्टोबरअखेरच्या आधी पेरण्यात अर्थ नाही.

अबोली_ठाणे
मुंबई-ठाणे-पनवेलवाल्यांनी मटाराचा नाद सोडलेला बरा. त्याऐवजी वाल आणि पावटा लावा. हे वेल दिवस लहान झाल्यावर फुलतात आणि आपली उबदार थंडी त्यांना मानवते. फ्लॉवर लावायचाच असेल तर बी विकत घेताना पाकिटावर लवकर येणारा वाण असल्याचं बघा, पुसा कातकी किंवा पुसा दीपाली यांसारखा. उशिराच्या वाणांना गड्डा धरायला जी थंडी लागते ती इथे पडतच नाही, नुसता पाला वाढतो.

रोपवाटिका
फ्लॉवरबाबत आणखी एक. नर्सरीतून आणलेलं रोप उंच, जाड देठाचं, खालची पानं पिवळी पडलेलं असेल तर ते घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी. असं वय झालेलं रोप लावलं की सुपारीएवढा गड्डा लगेच येतो आणि तिथेच थांबतो. चार-पाच पानांचं, बोटभर-दीड बोट उंच रोप घ्या. एका १२ इंची कुंडीत एकच. गड्डा लिंबाएवढा झाला की बाहेरची दोन-तीन पानं वर ओढून सुतळीनं सैल बांधा. ऊन लागलं की तो पिवळा पडतो.

रायगडी
वालाचं नाव निघालं म्हणून लिहितोच. आमच्याकडे भात कापलं की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर कडवे वाल पेरतात, वरून पाणी द्यावं लागत नाही. कुंडीतही हेच तत्त्व पाळा. वालाला सारखं पाणी दिलं की नुसता वेल माजतो आणि फुलं कमी येतात. १२ इंची कुंडीत तीन बिया, दोन वेल ठेवायचे. खत बेताचंच, कारण मुळांवरच्या गाठींतून तो स्वतःचा नत्र मिळवतो. उपटून मुळं बघाल तर त्या गाठी आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीच्या गाठी आणि या गाठी यांत गल्लत करू नका. या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि नखानं सहज सुटतात. सूत्रकृमीच्या गाठी म्हणजे मूळच फुगलेलं, त्या सुटत नाहीत.

आणि शेंगा भरल्या की पोपटी! मडक्याच्या तळाला आणि कडेनं भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, खडे मीठ, ओवा, हवी तर अंडी. तोंडही भांबुर्ड्यानंच बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही.

गच्चीराज
रायगडी, कुंडीतल्या दोन वेलांच्या शेंगांवर पोपटी लावायची म्हणजे मडकं वाटीएवढं घ्यावं लागेल. :)

रायगडी
म्हणून तर शेजारच्या पाच गच्च्यांनी मिळून लावायचे!

शेवंती_नगर
फुलांकडे वळू या. शेवंतीची चूक बहुतेकांची एकाच ठिकाणी होते. शेवंती रात्र लांबल्यावर कळी धरते. रात्री तिला सलग अंधार हवा असतो. बाल्कनीतला दिवा किंवा रस्त्यावरचा खांब तिच्यावर पडत असेल तर झाड हिरवंगार, भरगच्च दिसतं आणि डिसेंबर उजाडला तरी कळी नाही. खत वाढवून काही होत नाही. कुंडी दिव्याच्या आड न्या. रात्री दहा वाजता जाऊन बघा, पानांवर तुमच्या हाताची सावली पडत असेल तर ती जागा शेवंतीची नाही.

शेंडे खुडायची वेळ आता गेली. ऑगस्टअखेरपर्यंत खुडलं तर फुटवे वाढतात, आता खुडलं तर येणारी कळीच हातात येते. आता फक्त काठीचा आधार द्या, नत्राचं खत थांबवा आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी द्या. मोठं फूल हवं असेल तर प्रत्येक फांदीवरची टोकाची एक कळी ठेवून बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच काढा. ढीगभर लहान फुलं हवी असतील तर हात लावू नका. फुलं संपल्यावर झाड मातीपासून चार इंचांवर छाटलं की खालून काश्या फुटतात, त्याच पुढच्या वर्षीची रोपं.

पाणंद_पुणे
आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यावर सोसायटीचा मोठा दिवा आहे. शेवंत्या तिथेच आहेत. आजच हलवते. गुलाब आता छाटू का?

काटेकोर
छाटा. पितृपक्ष हा छाटणीचा काळ समजतात आमच्याकडे. जितकी लवकर छाटणी तितकी फुलं लवकर.

शेवंती_नगर
काटेकोर, इथे मी सहमत नाही. छाटलेल्या टोकावर पाऊस पडला की फांदी वरून खाली काळी पडत जाते, शेंडेमर होते. परतीचा पाऊस बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत असतो. पुण्या-नगरकडे १५ ऑक्टोबरच्या आसपास छाटणी सुरक्षित. छाटणीपासून साधारण ४५ दिवसांनी फुलं येतात, म्हणजे नोव्हेंबरअखेर, ऐन गुलाबाच्या हवेत.

काटेकोर
पावसाचा मुद्दा मान्य. पण सगळी झाडं एका दिवशी छाटू नयेत हे माझं म्हणणं कायम आहे. पाच झाडं असतील तर दोन १५ ऑक्टोबरला, दोन पंधरवड्यानं, एक त्यानंतर. फुलं पुढे-मागे येत राहतात. पद्धत अशी: आधी वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळातून काढायच्या. चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्या निम्म्यावर आणायच्या. डोळा (फांदीवरचा कोंब) बाहेरच्या बाजूला बघणारा निवडायचा आणि त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. आतला गर पांढरट-हिरवा दिसायला हवा. तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात घट्ट कालवून लावा. कात्री दर झाडानंतर स्पिरिटनं पुसा.

डोळा भरलेल्या गाठीच्या खालून फुटलेला धुमारा मात्र निर्दयपणे काढायचा. कापायचा नाही, माती बाजूला करून मुळाशी खाली ओढून उपटायचा. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा असतो, वरचं कलम उपाशी मारतो.

केवडा
झेंडू आता पेरला तर दसऱ्याला मिळेल का?

रोपवाटिका
नाही. बियांपासून फूल यायला ५० ते ६० दिवस. आत्ताचा पेरा नोव्हेंबरात फुलेल. दसऱ्यासाठी कळ्या असलेली रोपं नर्सरीतून आणा, आणि बी पेरायचं ते हिवाळ्यासाठी. मोगऱ्याला आता काहीही करू नका. थंडीत पाणी कमी करत ताण द्यायचा, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पानं काढून छाटणी आणि खत, मग उन्हाळ्यात बहर.

खगोल_कट्टा
एका गोष्टीचा उल्लेख अजून आला नाही, ती म्हणजे ऊन. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. २१ डिसेंबरला भर दुपारी तो दक्षिणेला, क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. म्हणजे दक्षिणेकडच्या ३ फुटी कठड्याची सावली दुपारी बारा-साडेबाराला गच्चीवर पावणेतीन फुटांपर्यंत येते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. पावसाळ्यात त्या कठड्याला टेकून ठेवलेल्या कुंड्या हिवाळ्यात दिवसभर सावलीत जातात. टोमॅटो-वांगी उत्तरेच्या बाजूला न्या किंवा स्टँडवर उचला, कठड्याच्या सावलीत पालक, मेथी, पुदिना ठेवा.

फ्लॅटवाल्यांनी: दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन खोलवर येतं, हीच फळभाज्यांची वेळ. उत्तरेच्या बाल्कनीत डिसेंबरात थेट ऊन येतच नाही, तिथे फळभाजी लावून वाट बघू नका.

चिकणमाती
हा प्रतिसाद धाग्याच्या वर टाकायला हवा. खत-पाणी सगळं बरोबर असूनही वांगी न लागण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

गच्चीराज
टोमॅटोची फळं खालून काळी पडतात त्यावर एप्सम सॉल्ट चांगलं म्हणतात. चमचाभर महिन्याला. आणि अंड्याची टरफलं.

वऱ्हाडी_वांगं
गच्चीराज, एप्सम नको. फळाचं बूड काळं पडतं ते फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्यानं. एप्सममध्ये मॅग्नेशियम असतं, ते मुळांशी कॅल्शियमशीच स्पर्धा करतं. त्रास वाढतो. टरफलं कुजायला इतका वेळ लागतो की या हंगामात त्यांचा उपयोग नाही, खताच्या डब्यात टाका. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण पाणी अनियमित असतं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बादलीभर. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. रोज ठरावीक वेळी पाणी, कुंडी किमान १५ लिटरची आणि मातीवर दोन इंच सुक्या पाल्याचं आच्छादन, एवढ्यानं पुढची फळं चांगली येतात. काळी पडलेली काढून टाका, ती सुधारत नाहीत.

रोपवाटिका
टोमॅटो लावताना खालची पानं काढून रोप पहिल्या ठेवलेल्या पानांपर्यंत मातीत पुरा, पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. वांगी-मिरची मात्र ट्रेमध्ये होती त्याच खोलीवर. काठी लावणीच्याच दिवशी रोवायची, नंतर खुपसली की मुळं तुटतात. लावणी संध्याकाळी, आणि पहिले तीन-चार दिवस दुपारी हिरव्या जाळीची सावली.

केवडा
मिरचीची पानं आक्रसतात. सगळे बोकड्या म्हणतात. उपाय काय?

चिकणमाती
आधी पान नीट बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखं आणि देठ लांबलेला असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी सूक्ष्म कीड). फुलकिड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून त्यात चिमूटभर साबणाचा चुरा. त्याच दिवशी वापरायचा, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. आठवड्यानं पुन्हा, असे तीनदा. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. हेच भुरीवरही चालतं. मात्र नीम तेल फवारल्यावर दोन आठवडे गंधक नको आणि भर उन्हात तर अजिबात नको, पानं भाजतात.

पानं वळण्यासोबत झाड खुजं, पिवळट, पानांचा झुपका झालेलं असेल तर तो विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको.

अबोली_ठाणे
पाऊस सरता सरता गोगलगायी आणि शेंबड्या (शंख नसलेल्या गोगलगायी) रोपं रात्रीत साफ करतात, त्यांच्यावर फवारणी नको. संध्याकाळी ओलं गोणपाट कुंड्यांच्या मधे पसरा. सकाळी उलटं करा, सगळ्या खाली जमलेल्या असतात. मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. मीठ कुंडीत मात्र शिंपडू नका.

पावट्यावर आणि शेवंतीच्या शेंड्यांवर काळा मावा आला की आधी मुंग्या कुठून येतात ते बघा. मुंग्या माव्याची राखण करतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं मावा तीन दिवस सलग धुऊन काढला तर बहुतेकदा औषध लागत नाही. पानावर काळी-नारिंगी, सुसरीसारख्या आकाराची अळी फिरताना दिसली तर मारू नका, ती ढालकिड्याची. मावा हेच तिचं अन्न.

एडिसनकर
न्यू जर्सीतून वाचतोय. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यावर-अखेरीस पहिलं दव गोठतं, त्यामुळे तुमचा लागवडीचा हंगाम म्हणजे आमचा आवरायचा. कढीपत्त्याची कुंडी रात्रीचं तापमान १० अंशांवर यायच्या आत घरात घेतो. पण घरात हीटर सुरू झाला की पानं गळतात. काय करावं?

चिकणमाती
एडिसनकर, आत आणण्याआधी दोनदा पानांची खालची बाजू पाण्यानं धुवा. कोरड्या, गरम हवेत लाल कोळी झपाट्यानं वाढतो आणि पानं गळण्याचं ते एक मोठं कारण आहे. कुंडी दक्षिणेच्या खिडकीत, हीटरच्या झोतापासून दूर. हिवाळ्यात झाड झोपेत असतं, तेव्हा दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही आणि मार्चपर्यंत खत अजिबात नाही. थोडी पानं गळणारच, फांदी हिरवी असेल तर वसंतात फुटते. लसूण मात्र तुमच्याकडे आत्ताच जमिनीत घाला, पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल, वर पाल्याचं जाड पांघरूण. पुढच्या जुलैत गड्डे.

वऱ्हाडी_वांगं
लसूण इकडेही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा पर्पल, भीमा ओंकार हे वाण आहेत. मुंबईकरांनी गड्ड्याची आशा न धरता पातीसाठी लावावा, चटणीला उत्तम.

पाणंद_पुणे
सगळ्यांचे आभार. लगेच पेरून मोकळं व्हावं हे माझं मत मागे घेते. आता मूळ प्रश्नावर येते. पुण्यासाठी तारखांसकट क्रम कोणी सांगेल का? आणि दोडक्याच्या कुंड्या ऑक्टोबरअखेरीलाच रिकाम्या होतील, त्यांत काय लावू?

चिकणमाती
या आठवड्यात भेंडी-काकडीच्या कुंड्या उलट्या करा आणि त्याच दिवशी टोमॅटो, वांग्याचं बी कपांत टाका. फ्लॉवरचं बी दहा दिवसांनी, म्हणजे दोन्ही रोपं साधारण एकाच सुमारास तयार होतील. भुरीचा काकडीचा पाला खतात नको, बाहेर टाका. घट बसेपर्यंत माती भरून मुरायला ठेवा. १५ ऑक्टोबरच्या आसपास गुलाबाच्या पहिल्या दोन झाडांची छाटणी आणि एका ट्रेत मेथी. मेथी ऊन सहन करते, तीन-चार दिवसांत उगवते, २५-३० दिवसांत खुडायला येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टोमॅटो, वांगी, फ्लॉवरची लावणी. पहाटे पांघरूण ओढावंसं वाटलं की कोथिंबीर, पालक, गाजर.

पालक आणि बिटाचं एकेक बी म्हणजे बियांचा झुपका असतो, एकातून दोन-तीन रोपं येतात. विरळणी चुकवू नका.

गाजराला कुंडी किमान १२ इंच खोल. त्यात ताजं किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत गेलं की गाजराला दोन-तीन पाय फुटतात, खडा लागला तरी तेच. पुसा केसरसारखा देशी वाण घ्या. बी अर्धा सेंटीमीटर खोल, थेट कुंडीत, रोप करून लावायचं नाही. उगवायला ८ ते १५ दिवस लागतात आणि तेवढे दिवस वरचा थर एकदाही सुकता कामा नये. ओलं गोणपाट झाकून ठेवा आणि सहाव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. पहिला हिरवा ठिपका दिसला की लगेच काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटाच्या विणीत अडकून तुटतात.

दोडक्याच्या कुंड्यांची माती पाच दिवस उन्हात टाकून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुळा पेरा. दोन-दोन इंचांवर एक बी, उगवल्यावर विरळणी करून चार इंचांवर एक रोप. विरळलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी करा.

पाणंद_पुणे
लिहून घेतलं. धने आख्खे पेरायचे की रगडून?

रोपवाटिका
रगडून. चपलेनं किंवा लाटण्यानं हलकेच, दोन डाळी सुट्या होतील इतकंच. चुरा झाला की कोंब मेला. मग १२ तास पाण्यात, एक सेंटीमीटर खोल, ओळींत. ८ ते १२ दिवसांत उगवते. दुकानातले किराण्याचे धने घेणार असाल तर आधी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. निम्म्यांना तरी मोड आले तर पेरा, नाहीतर बियाण्याचे घ्या.

केवडा
आणि ट्रे एकदम नाही भरायचा. अर्धा आज, अर्धा पंधरा दिवसांनी.